लहान मुलखाची नभोवाणी : खापरच्या निमित्ताने

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, अक्कलकुवा तालुक्यात खापर हे गाव वसले आहे. पश्चिमेला थोडक्या अंतरावर गुजरातची हद्द लागते. उत्तरेला मोलगीकडे चढत जाणारे डोंगर, आणि त्यांच्या पलीकडे नर्मदेचे खोरे व मध्य प्रदेशाची सीमा. तीन राज्यांच्या सांध्यावर असलेल्या ह्या टापूत भिलीच्या वसावी, मावची, पावरी आदी बोली नांदतात. खानदेशची अहिराणी नांदते. व्यापाराबरोबर आलेली गुजराती नांदते. आणि शाळा, कचेरी व देवालय ह्यांच्याद्वारे प्रमाण मराठीही घराघरांत पोहोचते. आपल्या धर्मग्रामांतील ज्या कुटुंबांचे सगेसोयरे, धर्मगुरू वा धर्मभगिनी ह्या मुलखात सेवेसाठी राहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

अशा मुलखाशी त्याच्याच तोंडच्या भाषेत बोलणारी नभोवाणी असावी, त्याच्या पिकांची, पावसाची, बाजारभावाची, आजारांची व सणांची दखल घेणारे एखादे लहानसे केंद्र असावे, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही. तरीही भारतात प्रसारण सुरू होऊन शतक पुरे होत आले असताना ती अपुरीच आहे. असे का झाले? ह्यात कोणा एकाचा दोष दाखविण्याचा आमचा हेतू नाही. प्रसारणाचा विस्तार करताना वेळोवेळी कोणते माप वापरले गेले, हे इतिहासाच्या आधारे पाहावे आणि त्या मापात खापरसारखी गावे का बसली नाहीत, हे समजून घ्यावे, एवढाच ह्या लेखाचा उद्देश.

आरंभ : तीस मैलांचे आकाश

23 जुलै 1927 रोजी मुंबईत भारतातील पहिल्या नियमित नभोवाणी केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्ते झाले. पुढील महिन्यात कलकत्त्याचे केंद्र सुरू झाले. ही दोन्ही केंद्रे सरकारची नव्हती. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ह्या खाजगी मंडळीची होती. मुंबईच्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॅट, आणि त्याचा परिणामकारक टप्पा सुमारे तीस मैलांचा. म्हणजे गंमत अशी, की आपल्या देशातील पहिले नभोवाणी केंद्र हे तांत्रिकदृष्ट्या स्थानिक केंद्रच होते! मुंबई शहर व भोवतालचा थोडा प्रदेश, एवढेच त्याचे जग.

कंपनीचे उत्पन्न मुख्यतः श्रोत्यांच्या परवाना शुल्कावर अवलंबून होते. संच परदेशातून येत, ते महाग. परवाने काढणारे थोडे. त्यामुळे मार्च 1930 मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. 1 एप्रिल 1930 पासून सरकारने कारभार हाती घेतला आणि 8 जून 1936 रोजी त्या सेवेस 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. थोडक्या श्रोत्यांच्या पैशावर लहान केंद्र तगत नाही, हा पहिला धडा येथेच मिळाला, आणि तो पुढे कोणी विसरले नाही. मात्र लहान केंद्र तगावयाचे तर त्याचा खर्च कोणी सोसावा, हा त्याला जोडून येणारा प्रश्न तसाच राहिला.

स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ व तिरुचिरापल्ली. ह्यांखेरीज संस्थानांची पाच केंद्रे होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि बडोदे. संस्थानांची ही केंद्रे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. आपल्या प्रजेसाठी, तिच्या भाषेत, आपल्या खर्चाने केंद्र चालवावे, ही कल्पना त्यांच्यामागे होती. 'आकाशवाणी' हे आज सर्वांच्या ओठांवरचे नावही म्हैसूरच्या केंद्राचेच. ही केंद्रे पुढे राष्ट्रीय सेवेत विलीन झाली. एकसूत्रता आली, परंतु लहान मुलखाने आपले केंद्र आपण चालवावे, ही परंपरा तेथे खंडित झाली.

मराठी मुलखापुरते बोलावयाचे तर नागपूरचे केंद्र 1948 मध्ये आणि पुण्याचे 1953 मध्ये सुरू झाले. खानदेशाला मात्र आपले केंद्र मिळण्यासाठी 1976 पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी जळगावचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. मुंबईच्या पहिल्या प्रक्षेपणापासून मोजले तर हे अंतर जवळजवळ अर्धशतकाचे भरते.

लहरींचे गणित आणि डोंगर

जळगावचे केंद्र मध्यम लहरींवर, 963 किलोहर्ट्झवर ऐकू येऊ लागले. मध्यम लहरींचा गुण असा, की त्या दिवसा जमिनीला धरून दूरवर जातात, आणि रात्री आकाशातील विद्युत्भारित थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल ओलांडतात. म्हणूनच रात्री दूरची केंद्रे लागतात आणि जवळच्या केंद्रात खरखर मिसळते. पूर्वी घरोघरी काटा फिरविता फिरविता वडीलधारी माणसे वैतागत, त्याचे कारण हेच.

खापर व जळगाव ह्यांमधील सरळ रेषेतील अंतर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. त्या मानाने गुजरातेतील सुरत जवळ आहे. अहमदाबाद व इंदूर येथील मध्यम लहरींची केंद्रे दूर असली तरी शक्तिमान होती. सीमेवरच्या माणसाच्या कानी कोणत्या राज्याचा आवाज पडावा, हे तालुक्याच्या नकाशावरून ठरत नाही, लहरींच्या ताकदीवरून ठरते. खापरचा शेतकरी महाराष्ट्रात सात-बारा काढतो. परंतु त्याचा रेडिओ ती हद्द पाळत नाही.

पुढे वारंवारता अधिमिश्रण, म्हणजेच आपण ज्याला सरसकट 'एफ. एम.' म्हणतो, ते तंत्र आले. त्यात आवाज स्वच्छ येतो. परंतु ह्या लहरी बव्हंशी दृष्टिरेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्या अडतात. सपाट मैदानात जो प्रक्षेपक पन्नास खेड्यांना पुरतो, तो सातपुड्याच्या कुशीत पाच खेड्यांनाही पुरेल असे नाही. ही साधी भौगोलिक गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे 'अमुक टक्के लोकसंख्येपर्यंत प्रसारण पोहोचले' अशा सरकारी आकड्यांकडे आपण अधिक सावधपणे पाहू लागतो. उरलेले थोडे टक्के बहुधा डोंगरातच राहत असतात.

पोहोचणे आणि संवाद

केवळ आवाज पोहोचला म्हणजे संवाद होतो का, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक फार मोलाचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला होता. 17 फेब्रुवारी ते 22 एप्रिल 1956 ह्या काळात युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत गावकऱ्यांची मंडळे स्थापण्यात आली. आठवड्यातून दोनदा ही मंडळी एकत्र बसत, शेतीवरील व गावच्या प्रश्नांवरील कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व निर्णय केंद्राकडे लिहून पाठवीत. पुढील कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे ह्या प्रयोगाचे सूत्र होते.

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने डॉ. पॉल न्यूराथ ह्यांनी त्याचे मूल्यमापन केले. ज्या खेड्यांत मंडळे होती तेथील लोकांच्या ज्ञानात पडलेली भर, मंडळे नसलेल्या खेड्यांच्या मानाने कितीतरी अधिक आढळली. नुसता रेडिओ असलेल्या खेड्यांतही तशी वाढ दिसली नाही. 1959 पासून ही योजना देशभर नेण्यात आली. पण पुण्याच्या प्रयोगात कार्यकर्त्यांनी ज्या निगुतीने पाठपुरावा केला होता, तो विस्तारात टिकला नाही. संच बिघडले, मंडळांच्या बैठका थंडावल्या आणि योजनेचा जोम ओसरला.

ह्या पाच जिल्ह्यांत खानदेश नव्हता, हे येथे नोंदविले पाहिजे. प्रयोगाची मर्यादा म्हणून ते समजण्यासारखे आहे. परंतु नाशिकपर्यंत आलेला हात त्याच्या शेजारच्या पश्चिम खानदेशाला लागला नाही, ही गोष्ट पुढेही अनेकदा घडली, आणि म्हणून ती खटकते.

चित्रवाणीचे तीन प्रयोग

चित्रवाणी दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी आली; मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 रोजी. मुंबई दूरदर्शनच्या 'आमची माती, आमची माणसं' ह्या कार्यक्रमाने शेतकऱ्याला पडद्यावर मानाचे स्थान दिले, हे मराठी माणूस विसरणार नाही. पण प्रक्षेपणाचा टप्पा तेव्हा मर्यादित होता.

1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 ह्या वर्षात अमेरिकेचा ए. टी. एस.-6 हा उपग्रह वापरून सहा राज्यांतील 2400 खेड्यांत थेट उपग्रहाद्वारे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक ही ती सहा राज्ये. महाराष्ट्र त्यांत नव्हता. ह्या वर्षाने हे सिद्ध केले, की वीज-रस्ता-शाळा ह्यांत मागे राहिलेल्या खेड्यातही दूरचित्रवाणी चालविता येते. अडचण तंत्राची नाही.

दुसरा प्रयोग गुजरातेतील खेडा जिल्ह्यातला. पीज ह्या गावी एक किलोवॅट शक्तीचा प्रक्षेपक बसवून अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने 1975 पासून स्थानिक चित्रवाणी चालविली. सुमारे चारशे खेड्यांत सहाशेच्या आसपास सार्वजनिक संच ठेवण्यात आले. कार्यक्रम त्याच जिल्ह्याच्या बोलीत, त्याच जिल्ह्याच्या माणसांना घेऊन, त्यांच्याच प्रश्नांवर : शेतमजुरांची मजुरी, अस्पृश्यता, स्त्रियांचे हाल, दुधाचा धंदा. 1984 मध्ये युनेस्कोने ग्रामीण संज्ञापनाचे पारितोषिक देऊन ह्या कार्याचा गौरव केला. आणि त्यानंतर थोड्याच काळात, 1985 च्या सुमारास, पीजचे प्रक्षेपण बंद करण्यात आले! अहमदाबादच्या मोठ्या प्रक्षेपकाचा टप्पा आता खेडा जिल्ह्यापर्यंत येतो, तेव्हा ह्या लहान प्रक्षेपकाची गरज उरली नाही, असा तो हिशेब होता. गावकऱ्यांनी विरोध केला. तो टिकला नाही.

वाचकांनी ह्या घटनेपाशी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. अहमदाबादचे चित्र पीजच्या गावात दिसू लागले, म्हणून पीजचे चित्र बंद झाले. 'दिसते' आणि 'आपले दिसते' ह्यांत फरक आहे, हे त्या हिशेबात कोठेच मांडलेले नव्हते. लहान केंद्रांच्या इतिहासातील हा कळीचा प्रसंग होय. पुढे देशभर तोच हिशेब निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा झाला.

तिसरा प्रयोग तर खापरच्या अगदी शेजारचा. नर्मदेपलीकडील झाबुआ जिल्ह्यात, जो तेव्हा आजच्या अलीराजपूरसह एकच जिल्हा होता, भारतीय अवकाश संशोधन संघटनेने नोव्हेंबर 1996 पासून विकास संज्ञापन प्रकल्प राबविला. दीडशे खेड्यांत उपग्रहाचे कार्यक्रम घेणारे संच आणि तालुक्याच्या ठिकाणी उलट बोलण्याची सोय असलेली केंद्रे, अशी त्याची रचना होती. खेड्यातील भिल्ल बंधुभगिनी कार्यक्रम पाहत, आणि तालुक्याच्या केंद्रातून तज्ज्ञाला थेट प्रश्न विचारता येत. पाण्याची साठवण, आरोग्य, शिक्षण, पंचायत राज हे त्याचे विषय. नदीच्या त्या तीरावरचा भिल्ल आणि ह्या तीरावरचा भिल्ल ह्यांची नातीगोती एक, देव एक. पण राज्ये दोन. प्रकल्प तीरापलीकडेच राहिला.

बाजाराचे माप

पुढे आकाशवाणीने जिल्ह्याच्या पातळीवरील स्थानिक केंद्रांचा विचार मनावर घेतला. तामिळनाडूतील नागरकोविल येथे 30 ऑक्टोबर 1984 रोजी अशा पहिल्या केंद्राचा आरंभ झाला. पुढे महाराष्ट्रातही अहमदनगर, बीड, सातारा, यवतमाळ अशी केंद्रे झाली. धुळ्यालाही केंद्र मिळाले. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते केंद्र जुन्या मुख्य ठिकाणीच राहिले. नव्या जिल्ह्याच्या वाट्याला स्वतःचा आवाज आला नाही.

ह्याच सुमारास बाजाराने आकाशात प्रवेश केला. 1990 नंतर उपग्रह वाहिन्या व केबल आली. 1995 मध्ये केबलसाठी कायदा झाला. लहान शहरांतील केबलचालकांनी आपल्या स्थानिक वाहिन्या सुरू केल्या. त्यांत गावातील दुकानांच्या जाहिराती, मिरवणुका, पालिकेच्या बातम्या, एखादे भजनाचे चित्रण असे काहीबाही असे. कलादृष्ट्या त्यांना हसणारे पुष्कळ भेटले. पण आपला गल्लीबोळ पडद्यावर दिसावा ही माणसाची भूक त्यांनी ओळखली होती, हे नाकारता येत नाही. मात्र केबल ही दाट वस्तीची सोय. पाड्यापाड्यांनी विखुरलेल्या डोंगरी वस्तीला तार ओढून देणे कोणाला परवडणार?

खाजगी एफ. एम. केंद्रांचे लिलाव झाले, तेही शहराच्या लोकसंख्येच्या हिशेबाने. लोकसंख्या म्हणजे श्रोते, श्रोते म्हणजे जाहिरात, जाहिरात म्हणजे उत्पन्न. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांतील 730 वाहिन्यांच्या लिलावास संमती दिली, आणि त्या यादीत नंदुरबारचे नाव आहे. ही आनंदाची गोष्ट. पण केंद्र उघडले तरी ते नंदुरबार शहराचे असेल. खापर तेथून पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर आहे. शिवाय जाहिरातदाराला वसावी बोलणारा श्रोता किती मोलाचा वाटेल, हा प्रश्न उरतोच.

सरकारी बाजूने पाहता, 28 एप्रिल 2023 रोजी देशभरात शंभर वॅटचे 91 एफ. एम. प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले. महाराष्ट्रातील ठिकाणांत नंदुरबार, सटाणा, वाशीम, हिंगोली, अचलपूर, अहेरी व सिरोंचा ह्यांचा समावेश होता. मागास जिल्ह्यांकडे लक्ष गेले, हे स्वागतार्हच. परंतु शंभर वॅटचा टप्पा पंधरा-वीस किलोमीटरांचा. आणि हे प्रक्षेपक अन्यत्र तयार झालेला कार्यक्रम पुढे पाठविणारे आहेत. तेथे स्टुडिओ नाही, निवेदक नाही, गावचा माणूस नाही. दूरदर्शनचे लहान शक्तीचे प्रक्षेपक तर मार्च 2022 पर्यंत जवळजवळ सर्व बंद झाले. त्यांची जागा थेट छपरावरील तबकडीने घेतली. पुन्हा पीजचाच हिशेब : चित्र येते आहे, मग केंद्र कशाला?

लहरी लोकांच्या

ह्या सगळ्या कहाणीत एक आशेचे वळण आहे, आणि त्यात एका मराठी न्यायमूर्तींचा वाटा आहे, हे आपल्या वाचकांना आवडेल. 9 फेब्रुवारी 1995 रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला, की आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची वा कोणा धनिकाची मक्तेदारी असू शकत नाही. हा निर्णय देणाऱ्या पीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते.

त्यानंतर 2002 च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना, आणि नोव्हेंबर 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. शंभर वॅटचा प्रक्षेपक, मर्यादित उंचीचा मनोरा, दहाएक किलोमीटरांचा टप्पा. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांनीच तयार केलेले हवेत, अशी अट. स्वतःच्या बातम्या देण्याला मात्र मनाई राहिली. गावात पूर आला तर हवामानाची सूचना देता यावी, पण ग्रामसभेत काय झाले ते बातमी म्हणून सांगता येऊ नये, हा विरोधाभास आहे, असे आम्हांस वाटते.

तेलंगणातील माचनूर येथे 15 ऑक्टोबर 2008 रोजी दलित स्त्रियांनी चालविलेले 'संघम रेडिओ' सुरू झाले. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशातील स्त्रियांसाठी 'माणदेशी तरंग वाहिनी' उभी राहिली. दुष्काळी माणदेशाची बोली, तेथील ओव्या, बचत गटांचे हिशेब, जनावरांच्या छावण्या हे सारे तीत आले. आणि 2011 मध्ये मध्य प्रदेशच्या आदिवासी विभागाने 'वन्या' ह्या नावाने आदिवासी बोलींतील केंद्रे काढली, त्यांतील एक अलीराजपूर जिल्ह्यातील भाबरा येथे, भिलीत. म्हणजे नर्मदेपलीकडे दुसऱ्यांदा भिली आकाशात गेली.

भिलीचे मोल थोडे नाही. 2011 च्या जनगणनेत भिली व तिच्या बोली मातृभाषा म्हणून नोंदविणारे एक कोटी चार लाखांहून अधिक होते. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात नसलेल्या भाषांत ती सर्वांत मोठी. त्याच गणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या 16,48,295 होती, आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा 69 च्या घरात. एवढ्या लोकांची बोली ज्या माध्यमात ऐकू येत नाही, त्या माध्यमाला तो मुलूख आपला कसा म्हणेल?

आपल्या परंपरेतील एक उदाहरण

ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. 12 फेब्रुवारी 1931 रोजी पोप अकरावे पायस ह्यांनी मार्कोनीने उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीचे उद्घाटन केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र हुकूमनामा प्रसिद्ध केला. 1967 पासून जागतिक संपर्कमाध्यम दिन पाळला जातो. 2022 च्या त्या दिनासाठी पोप फ्रान्सिस ह्यांनी निवडलेला विषय 'ऐकणे' हा होता. बोलण्याच्या माध्यमांविषयी लिहिताना त्यांनी ऐकण्याला अग्रस्थान दिले, ही गोष्ट आमच्या विवेचनाशी फार जुळणारी आहे.

परंतु ह्याहून बोलके उदाहरण कोलंबियातील एका डोंगरी खेड्याचे आहे. 1947 मध्ये सुतातेन्सा ह्या गावी होजे होआकीन साल्सेदो नावाच्या तरुण धर्मगुरूंनी एक लहानसा प्रक्षेपक जुळविला. शेतकऱ्यांना लिहावाचावयास येत नव्हते. शाळा दूर होती. घराघरांत नभोवाणीची शाळा भरू लागली. एखादा थोडे शिकलेला शेजारी फळ्यापाशी उभा राही, रेडिओतील शिक्षक सांगत, आणि बाकीचे गिरवीत. अक्षरओळख, अंकगणित, आरोग्य, शेती, धर्मशिक्षण असे त्याचे विषय होते. पुढे हे केंद्र देशातील फार मोठे शैक्षणिक जाळे बनले. श्रोत्यांची पत्रे ढिगांनी येत. अनेक दशकांनंतर पैशाची चणचण व अंतर्गत-बाह्य मतभेद ह्यांमुळे ते बंद पडले आणि त्याची केंद्रे व्यापारी कंपनीकडे गेली. मोठे होत गेलेले लहान केंद्र कोसळते तेव्हा काय होते, हेही त्यातून शिकावे. तरी लक्षावधी निरक्षरांना अक्षर देण्याचे त्याचे काम पुसले गेले नाही.

आणि त्याहीपेक्षा जवळचे उदाहरण हवे असेल, तर ते आपल्या घरातच आहे. 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले. परदेशातून आलेल्या त्या जेज्वीत धर्मगुरूंनी शुभवार्ता पोर्तुगीजमध्ये न सांगता लोकांच्या भाषेत, लोकांच्या ओवीत सांगितली. लोकांच्या बोलीला माध्यमात स्थान देणे म्हणजे काय, ह्याचा धडा आपल्या परंपरेने चारशे वर्षांपूर्वी गिरविला आहे. मग वसावीत वा पावरीत बोलणाऱ्या बंधूला 'आधी तू मराठी शीक, मग ऐक' असे आपण कसे म्हणावे?

आज हाती काय आहे

आता कोणी म्हणेल, की खिशाखिशांत भ्रमणध्वनी आला, चलचित्रे आली. नभोवाणी केंद्राची चर्चा आता कशाला? हा प्रश्न रास्त आहे. नंदुरबार जिल्ह्यातीलच धडगाव भागातील तरुणांनी 'आदिवासी जनजागृती' ह्या नावाने भ्रमणध्वनीवर चित्रण करून, पावरी व भिलीत, आपल्या गावांचे प्रश्न मांडावयास आरंभ केला. करोनाच्या साथीत लसीविषयी व आजाराविषयी पसरलेल्या अफवांना उत्तर देण्याचे काम त्यांनी बोलीतून केले. ज्या कामासाठी पीजला प्रक्षेपक लागला, झाबुआला उपग्रह लागला, ते ह्या मुलांनी हातातल्या यंत्रावर केले. ही मोठी गोष्ट आहे.

पण तिची मर्यादाही ध्यानात घ्यावी. डोंगरात संदेशवहनाचे मनोरे विरळ. पैसे भरल्याखेरीज चित्र उघडत नाही. ज्या परदेशी कंपनीच्या व्यासपीठावर ते चढते, ती आपल्या सोयीने नियम बदलते. आणि म्हातारी माणसे, ज्यांच्याजवळ त्या भाषेचे खरे भांडार आहे, ती त्या यंत्रापासून दूर असतात. रेडिओचा एक गुण आजही अबाधित आहे : तो ऐकण्यासाठी वाचता यावे लागत नाही, दर दिवशी पैसे भरावे लागत नाहीत, आणि हात कामात असतानाही तो ऐकता येतो.

ह्या सर्व इतिहासातून आम्हांस असे दिसते, की प्रसारणाला आजवर दोन मापे लावली गेली. एक पोहोचीचे, जे शासनाने लावले. दुसरे खरेदीशक्तीचे, जे बाजाराने लावले. पहिल्या मापात खापर नकाशावरचा एक ठिपका ठरते, आणि दुसऱ्यात तेवढेही ठरत नाही. तिसरे माप लोकांच्या सहभागाचे. ते 1956 मध्ये पुण्याने, 1975 मध्ये पीजने, 2008 मध्ये म्हसवडने लावून दाखविले, आणि प्रत्येक वेळी ते खरे उतरले. टिकले तेथे, जेथे केंद्राचा खर्च व कारभार ह्यांची जबाबदारी तेथल्याच एखाद्या संस्थेने उचलली. मोडले तेथे, जेथे ते दुरून चालविले गेले.

म्हणून शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते. सामुदायिक केंद्राचा परवाना मागण्यास पात्र असलेल्या शाळा व संस्था ह्या टापूत काही कमी नाहीत, आणि त्यांपैकी कित्येकांशी आपल्या धर्मप्रांतांतील कुटुंबांचा ऋणानुबंध आहे. केंद्र काढणे लांबची गोष्ट. पण त्याआधीची पायरी आजच चढता येईल. गावातील वृद्ध स्त्रीपुरुषांच्या तोंडची गाणी, होळीच्या कथा, देवमोगरा मातेच्या यात्रेच्या आठवणी, नर्मदेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे, औषधी झाडपाल्याची माहिती हे सारे त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून, कोणी सांगितले व केव्हा सांगितले ह्यांच्या नोंदीसह शाळेच्या कपाटात जपून ठेवावे. उद्या खापरला केंद्र मिळाले आणि सांगावयास जवळ काही नसले, तर तेथेही दूरचाच आवाज वाजत राहील. सांगणारी माणसे थकत चालली आहेत; हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.